कॅसेटचं खोकं

(आपल्या १९९७ च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजन समितीने मला विषय दिला होता, ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपली मुलं’. मी नको म्हटलं. त्या विषयावर आपली मुलंच आपल्याला चार गोष्टी शिकवतील. मी आज खोक्यांवर बोलणार आहे. सिनेमाच्या कॅसेटची, सीडीची, डीव्हीडीची जी खोकी असतात ना, ती. कंपनीने त्या खोक्याचं रूप बदललं की ती जमवणारी माणसं एवढी का चिडतात, हा माझा विषय. आजच्या कार्यक्रमात याचं काय काम, असं वाटत असेल तर समितीने वाटलेल्या कागदावरचं चौथं काम वाचून ठेवा. मी त्याच्यावर येणार आहे.

आधी आपल्या सिल्लोडचं. आपल्यापैकी फार थोड्यांच्या घरी तेव्हा व्हीसीआर होता. कॅसेट भाड्याने, व्हीसीआर भाड्याने, आणि कुणाकडे पाहुणे आले असले तर रंगीत टीव्हीसुद्धा भाड्याने. दुकानात भिंतीवर कव्हरं लावलेली असायची, पण हातात यायची ती नुसती काळी कॅसेट. तिच्या पाठीवर पांढरी पट्टी, पट्टीवर मार्करने आकडा. कोणत्या आकड्याला कोणता सिनेमा, ते दुकानदाराच्या वहीत. वही चुकली की ‘माहेरची साडी’ म्हणून घरी आणलेल्या कॅसेटमधून मारामारीचा सिनेमा निघायचा, आणि आज्ज्या तोसुद्धा शेवटपर्यंत बघायच्या.

म्हणजे आपल्या पिढीला सिनेमा मिळाला तो कव्हराशिवाय. त्यामुळे पुण्यात नोकरीला लागल्यावर शेजारच्या टेबलावरचा सहकारी एका डीव्हीडीच्या नव्या कव्हरावरून दोन दिवस धुसफुसत होता, तेव्हा मला गंमतच वाटली. डिस्क तीच, सिनेमा तोच, मग राग कशाचा? त्याने मला जे दाखवलं, ते थोडक्यात सांगते.

‘द सिम्पसन्स’ ही अमेरिकन कार्टून मालिका. तिचे पहिले पाच संच साध्या चौकोनी खोक्यांत आले. लोकांनी ते ओळीने कपाटात लावले. २००५ साली सहावा संच आला, तो होमर सिम्पसनच्या पिवळ्या डोक्याच्या आकाराच्या प्लास्टिकमध्ये. बनवणाऱ्याला वाटलं असणार, काय कल्पना आहे! आता हे डोकं ठेवायचं कुठे? पाच खोक्यांच्या शेजारी ते उभं राहीना, कपाटात मावेना. संग्राहक खवळतील याचा अंदाज कंपनीला आला असावा, कारण डोक्याच्या आतच एक चिठ्ठी होती: साधं खोकं हवं असेल तर टपालखर्च पाठवा, आम्ही देतो. पुढचे काही संच मग दोन्ही रूपांत निघाले. ज्याला डोकं हवं त्याने डोकं घ्यावं, ज्याला खोकं हवं त्याने खोकं. माझ्या सहकाऱ्याकडे दोन्ही आहेत. डोकं ऑफिसात टेबलावर, खोकं घरी कपाटात. त्याची बायको यावर काय म्हणते ते मी इथे सांगत नाही.

अशी उदाहरणं पुष्कळ आहेत. वॉर्नर कंपनी सुरुवातीला डीव्हीडी पुठ्ठ्याच्या पाकिटात द्यायची, एका बाजूला प्लास्टिकची चाप. पुठ्ठ्याच्या कडा झिजायच्या, कोपरे दुमडायचे. लोकांनी इतकी नाकं मुरडली की शेवटी तीही कंपनी सगळ्यांसारख्या प्लास्टिकच्या डब्यांवर आली. क्रायटेरियन नावाची कंपनी प्रत्येक सिनेमाच्या पाठीवर क्रमांक छापते. तिचे गिऱ्हाईक कपाट त्या क्रमांकाने लावतात, आणि मधला एक आकडा नसला तर त्यांना आपल्या हजेरीपटात एक रोल नंबर गायब झाल्यासारखं वाटतं.

आता हा निव्वळ हौशी लोकांचा चोचलेपणा आहे का? काही अंशी आहे, आणि मी त्यांच्या बाजूने सगळ्याच बाबतींत उभी राहणार नाही. २००७ साली मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना बाजारात आणली. तोवर अस्सल डीव्हीडीला कित्येक शे रुपये मोजावे लागायचे. एवढ्या पैशात कुणी चांदीचं खोकं देत नाही. स्वस्ताईच्या त्या लाटेत बाजारात पातळ पाकिटं आली, एका डिस्कवर तीन-तीन सिनेमे आले, एका कव्हरावर तीन नायक दाटीवाटीने उभे राहिले. संग्राहकांनी नाकं मुरडली. पण आपल्यासारख्या गावात, जिथे बाजाराच्या दिवशी हातगाडीवर चोरून छापलेली सीडीच मिळायची, तिथे बापाने पोरासाठी पहिल्यांदा अस्सल डिस्क विकत घेतली ती या पातळ पाकिटातली. त्या पाकिटाला मी नावं ठेवणार नाही. ती कंपनीही पुढे टिकली नाही. २०१८ मध्ये ती दिवाळखोरीत निघून मोडीत काढायचा आदेश झाला. तो धंदाच बसला होता.

पण संग्राहकांच्या रागात एक गोष्ट अशी आहे, जी मला माझ्या धंद्यामुळे चटकन कळली. आम्ही सॉफ्टवेअरवाले तिला ‘मेटाडेटा’ म्हणतो. म्हणजे माहितीबद्दलची माहिती. पोत्यात काय आहे ते सांगणारी पोत्यावरची चिठ्ठी. मिरचीच्या मार्केटला जाणाऱ्यांना हे मी काय समजावू! पोती शंभर असली आणि चिठ्ठ्या पडल्या, तर माल शाबूत असूनही कुणाची कोणती ते कळत नाही.

सिनेमाचं कव्हर ही ती चिठ्ठी आहे, आणि आपल्या देशात तर कायद्यानेच. कॉपीराइट कायद्यात १९८४ साली दुरुस्ती होऊन कलम ५२-अ आलं. व्हिडिओ कॅसेटवर किंवा तिच्या खोक्यावर काय काय छापलंच पाहिजे, ते त्यात दिलं आहे: कॅसेट काढणाऱ्याचं नाव-पत्ता, हक्कदाराचं नाव-पत्ता, परवाना घेतल्याचं निवेदन आणि सेन्सॉरच्या प्रमाणपत्राची प्रत. उद्देश चोरटी नक्कल रोखण्याचा होता. पण त्यामुळे झालं काय, तर कोणत्या सिनेमाची कोणती आवृत्ती कुणी काढली याची नोंद घरोघरीच्या कपाटात जाऊन बसली. प्रमाणपत्राच्या त्या बारीक अक्षरांत सिनेमाची लांबीही असते. आपल्याकडची प्रत पुरी की कापलेली, हे जमवणारे लोक त्यावरून पडताळतात. खोकं नसलं तर डिस्कच्या मधल्या भोकाभोवतीच्या कड्यावर कोरलेले बारीक आकडे भिंग लावून वाचतात, आणि ती कुठल्या कारखान्यात निघाली ते शोधतात.

यात फरक पडतो का? ‘शोले’चंच घ्या. त्याचे दोन शेवट आहेत. आपण पाहिला त्यात ऐन वेळी पोलीस येतात आणि गब्बर जिवंत राहतो. मूळ चित्रित केलेल्या शेवटात ठाकूर त्याला मारतो. तो सेन्सॉरपायी बदलावा लागला, आणि वर्षानुवर्षांनी व्हिडिओवर बघायला मिळाला. हातातल्या प्रतीत कोणता शेवट आहे, हे जय-वीरूचा फोटो सांगत नाही. मागची बारीक अक्षरं सांगतात. ‘मुगल-ए-आझम’ १९६० सालचा, बहुतांश कृष्णधवल. २००४ मध्ये तो सगळा रंगीत करून पुन्हा लावला. मग रंगीत कव्हर आलं. रंग भरणं वाईट असं मी म्हणत नाही, माझ्या आईला तो रंगीतच आवडतो. पण दुकानाच्या फळीवर नवं आलं की जुनं मागे सरतं, आणि कृष्णधवल हवा असणाऱ्याला तो शोधत फिरावं लागतं.

अजिंठा आपल्यापासून हाकेच्या अंतरावर आहे, म्हणून एक सांगून टाकते. १९२० च्या सुमारास निजाम सरकारने इटलीहून जाणकार आणले आणि लेण्यांतली चित्रं टिकावीत म्हणून त्यांच्यावर लाखेचं रोगण चढवलं. हेतू चांगलाच होता. रोगण पुढे पिवळं पडलं, आणि ते उतरवण्यात पुरातत्त्व खात्याची कैक वर्षं गेली.

आता तर खोकंच उरलं नाही. फोनवर सिनेमाचं छोटं चित्र दिसतं, तेच कव्हर. आणि ते तुम्हाला एक दिसतं, मला दुसरं. नेटफ्लिक्सच्या इंजिनिअरांनी २०१७ मध्ये स्वतःच लिहिलं आहे की प्रेक्षकाची आवड बघून ते एकाच सिनेमाला वेगवेगळी चित्रं लावतात. तुम्ही विनोदी सिनेमे बघत असाल तर विनोदी नट दिसेल, प्रेमाचे बघत असाल तर जोडपं दिसेल. काम म्हणून मला ते आवडतं, असं काही मीही करते. पण पूर्वी कव्हर बदललं तर माणूस खोकं हातात घेऊन दुकानदाराशी भांडायचा तरी. आता काल काय चित्र होतं ते आज कुणाला आठवत नाही, आणि एखाद्या दिवशी सिनेमाच यादीतून गेला तर त्याचाही पत्ता लागत नाही.

आता चौथं काम. कागदावर असं आहे: ‘शाळेच्या गॅदरिंगच्या कॅसेट डिजिटल करणे, आकर्षक बॉक्समधून पेनड्राइव्ह वाटणे, जुन्या कॅसेटची विल्हेवाट लावणे.’ पहिल्या दोन कामांना माझा पाठिंबा आणि वर्गणीही. तिसऱ्याला विरोध आहे.

काल मी ते कपाट उघडून पाहिलं. नऊ कॅसेट आहेत. खोक्यांवर आपल्या चित्रकलेच्या सरांचं अक्षर, तुम्ही झोपेतसुद्धा ओळखाल असं. आणि प्रत्येक खोक्यात वहीचा एक घडी घातलेला कागद. कोणतं नाच-गाणं कितव्या मिनिटाला, नाटकात कोण काय झालं होतं, कुठे लाइट गेली, कुठे आवाज आलेला नाही. एका ठिकाणी सरांनी लिहिलंय, ‘पडदा उशिरा पडला, शिपाई बिचारे उभेच.’

त्या शिपायांमधला दुसरा आपल्या वर्गातला होता. तो आज आपल्यात नाही. कोण ते तुम्हाला कळलं असेल. मी काल रात्री ती कॅसेट लावून पाहिली. पगडी कानापर्यंत आलेली, चिकटवलेल्या मिशा, चित्र फिकं पडलेलं, वर आडव्या रेघा. सरांचा कागद समोर नसता तर मी त्याला ओळखलं नसतं. तुम्हीही ओळखणार नाही, आणि पेनड्राइव्ह घरी नेऊन बघणारी त्याची मुलगी तर मुळीच ओळखणार नाही. पडद्यावर तो एक शिपाई आहे. त्याचं नाव फक्त त्या कागदावर आहे.

स्टुडिओत कॅसेट दिली की काय होतं ते आपल्या लग्नांच्या वेळी आपण पाहिलं आहे. कॅसेटची सीडी करून मिळाली, वर गुलाबाची फुलं आणि दोन हृदयं, सगळ्यांना एकच डिझाइन. जुनं खोकं तिथेच राहिलं. आज त्यातल्या निम्म्या सीडी चालत नाहीत, कारण घरी किंवा स्टुडिओत लिहिलेल्या डिस्कवरचा रंगाचा थर वर्षं गेली की खराब होतो. कॅसेट मात्र बुरशी लागली नसेल तर अजून चालते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. कॅसेट द्यायच्या आधी खोक्याचे सगळ्या बाजूंनी, पाठीच्या पट्टीचे आणि आतल्या कागदाचे फोटो काढायचे. उन्हात, सावली पडू न देता, फोनवर काढले तरी चालेल. कॅसेटची कडेची छोटी चकती तोडलेली आहे का ते बघायचं. नसेल तर तोडायची, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरं काही रेकॉर्ड होणार नाही. पांढरी भुकटी दिसली तर मशीनमध्ये घालायची नाही, आधी साफ करून घ्यायची. प्रत्येक फाइलच्या नावात साल आणि कॅसेटचा आकडा, आणि सरांच्या कागदाचे फोटो त्याच पेनड्राइव्हवर. बॉक्स समितीने हवा तेवढा चकचकीत करावा, शाळेचं बोधचिन्ह, सोनेरी अक्षरं, काय हवं ते. फक्त आतल्या बाजूला सरांच्या अक्षराचं एक पान छापावं. ‘सिम्पसन्स’वाल्यांनी नाही का, डोकंही दिलं आणि खोकंही. आणि मूळ नऊ कॅसेट खोक्यांसकट परत याच कपाटात.

कपाटाची किल्ली कार्यालयात आहे. मी उद्या सकाळी दहाला चित्रकलेच्या वर्गात फोटो काढायला बसणार आहे. कागदांवर काही नावं पुसट झाली आहेत, तीन तर मला अजिबात लागली नाहीत. १९९४ आणि १९९५ च्या गॅदरिंगला ज्यांनी काम केलं होतं त्यांनी यावं, चष्मा घेऊन यावं. सरांनी ‘येतो’ म्हटलं आहे. चहाचं मी बघते.