चित्रकलेचा तास कोणी खाल्ला?

बसमध्ये असाल तर ऐका, बाईकवर असाल तर हेल्मेटात मोबाईल कोंबू नका, घरी पोचून ऐका. आजचा प्रश्न साधा आहे. तुमच्या गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत चित्रकला, गाणं, नाटक शिकवायला कोणी आहे का? आणि नसेल तर कुणाच्या दारात जायचं?

माझं काम सॉफ्टवेअरचं, पण शिकलो झेडपीच्या शाळेत. त्यामुळे गावी गेलो की शाळेत डोकावतोच. भिंतीवरचं वेळापत्रक बघा, त्यात ‘कला’ असतेच. प्रत्यक्षात स्कॉलरशिपची परीक्षा जवळ आली की तो तास गणिताला जातो. पण वर्षाच्या शेवटी प्रगतिपुस्तकात कलेपुढे श्रेणी मात्र छापून येते. न शिकवलेल्या विषयात पोरगं ‘अ’ श्रेणीत पास!

कागदावर काहीच कमी नाही, हे आधी सांगतो. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने कला हा दहावीपर्यंत सक्तीचा विषय असावा असं म्हटलं. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने अभ्यास आणि ‘अवांतर’ ही भिंतच नको असं म्हटलं. बालभारतीचं ‘खेळू, करू, शिकू’ हे पुस्तकही लहान वर्गांसाठी आहे. मग अडतं कुठे? माणसाशी. शिकवणार कोण?

इथे शिक्षण हक्क कायदा उघडून बघावा लागतो. २००९ चा हा कायदा. त्याच्या शेवटी एक अनुसूची आहे, शाळेत किमान काय असायला हवं याची. त्यात लिहिलंय की सहावी ते आठवीचा पट १०० पेक्षा जास्त असेल तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव यांच्यासाठी अर्धवेळ शिक्षक हवेत. आपल्याकडे त्यांना अंशकालीन निदेशक म्हणतात.

आता तो १०० चा आकडा पुन्हा ऐका. आपल्या खेड्यापाड्यांत सहावी ते आठवीला शंभराच्या वर मुलं असलेल्या झेडपीच्या शाळा किती? माझ्या पंचक्रोशीत तर एकही नाही. म्हणजे कायद्याने कलाशिक्षक दिला, पण जिथे शहरात क्लास नाही, हॉबी सेंटर नाही, जिथे शाळा सोडून मुलाला रंगाचा ब्रश हातात धरायला दुसरी जागाच नाही, तिथेच तो पोचत नाही. मला हे सगळ्यात जास्त खुपतं.

आणि याचा हिशेब पुढे दहावीला होतो. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षा तुम्हाला माहीत असतील. इंटरमिजिएट झालेल्या मुलाला दहावीच्या निकालात श्रेणीनुसार वाढीव गुण मिळतात. त्यासाठी स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन यांचा सराव लागतो. यूट्यूबवर व्हिडिओ ढिगाने आहेत, कबूल. पण तुमचा घडा वाकडा का दिसतोय हे व्हिडिओ सांगत नाही. त्यासाठी शेजारी बसून पेन्सिल हातात घेणारं माणूस लागतं. तालुक्याच्या ठिकाणी फी भरून क्लास लावणाऱ्याला ते मिळतं. बाकीच्यांना त्याच बोर्डाच्या निकालात तेवढे गुण कमी.

खरं सांगू? गुणांसाठी कला हा मुद्दा मला मनापासून आवडत नाही. चित्र काढताना मूल जे बघायला शिकतं त्याची किंमत गुणांत होत नाही. (इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला ग्राफिक्समध्ये आमची निम्मी बॅच रडत होती. ज्यांनी इंटरमिजिएटची भूमिती केलेली, ते शीळ वाजवत शीट काढायचे.) पण शाळेच्या बैठकीत पालकांसमोर बोलायचं असेल तर गुणांचा मुद्दा आधी काढा. तो लगेच पोचतो, बाकीचं नंतर बोलता येतं.

बैठक कुठली? शाळा व्यवस्थापन समितीची. याच कायद्याच्या कलम २१ प्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. म्हणजे तुमची वहिनी, चुलती, शेजारची काकू यांपैकी कुणीतरी त्या समितीत आहे आणि तुम्हाला पत्ताही नाही. बऱ्याचदा त्यांनाही नसतो, कारण रजिस्टर घरी येतं आणि सही होते. कलम २२ सांगतं की शाळा विकास आराखडा ही समिती करते आणि सरकारच्या अनुदानाचं नियोजन त्या आराखड्यावर व्हायला हवं. केंद्राच्या २०१० च्या नियमांत तर स्पष्ट आहे की आराखडा तीन वर्षांचा असावा आणि त्यात जादा शिक्षकांची गरज मांडावी, अर्धवेळ शिक्षक धरून. आपल्याला हवी ती ओळ इथेच आहे. आराखड्यात कलाशिक्षकाची गरज लिहिलेलीच नसेल, तर वरचा अधिकारी निवांत म्हणेल, ‘शाळेची मागणीच नाही.’

म्हणून वहिनीला फोन करा. पुढच्या बैठकीत हा विषय घ्यायला सांगा. ठराव झाला की तो प्रोसिडिंगमध्ये सूचक-अनुमोदकाच्या नावासह लिहिला गेला का, ते बघायला सांगा, आणि त्या पानाचा फोटो मागा. तोंडी ‘हो, बघू’ म्हणजे काहीच नाही.

ठरावात काय मागायचं हे शाळेवर अवलंबून आहे. पट शंभराच्या वर असेल तर सरळ कायद्यातलं पद मागा, अनुसूचीचा उल्लेख करून. पद का भरलं नाही हे कळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज आहेच. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, ३० दिवसांची मुदत. अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत ठेवा, नाहीतर तेवढ्यावरून परत येतो.

पट कमी असेल तर माझं मत असं: केंद्रातल्या चार-पाच शाळा मिळून एक निदेशक मागा. सोमवारी एक शाळा, मंगळवारी दुसरी. अनुसूची ‘किमान’ सांगते, त्याहून जास्त द्यायला कायदा आडवा येत नाही. एका शाळेचा ठराव गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या टेबलावर सहज हरवतो. एकाच मजकुराचे पाच ठराव एका आठवड्यात पोचले तर ते हरवणं जरा अवघड जातं. शाळेच्या वार्षिक अनुदानातून हे भागेल अशी आशा मात्र ठेवू नका. १०१ ते २५० पटाच्या शाळेला समग्र शिक्षाच्या निकषाने वर्षाला ५०,००० रुपये, त्यात वीजबिल, दुरुस्ती, खडू, स्वच्छता सगळं.

गुरुजींवर मात्र तुटून पडू नका. दोन शिक्षकी शाळेत चार वर्ग, पोषण आहाराच्या नोंदी, मतदार यादीचं काम आणि रोज नवी ऑनलाइन माहिती. चित्रकलेचा तास त्यांनी हौसेने बुडवलेला नाही. उलट ते आपल्या बाजूला आले तर ठरावाची भाषा तेच नीट करून देतात.

एका गोष्टीवर मित्रांशी माझं नेहमी भांडण होतं. ते म्हणतात, आपणच शनिवारी जाऊन शिकवू ना! जरूर जा. गावातले भजनी बुवा पेटी घेऊन येत असतील तर फारच छान. पालघरमध्ये वारली काढणारे हात घराघरांत आहेत, कुडाळजवळच्या पिंगुळीत चित्रकथी जपणारी घरं आहेत. अशा कलाकारांना शाळेत बोलवायलाच हवं, तेही मानधन देऊन. पण ‘स्वयंसेवक येतात, आता पद कशाला?’ हे उत्तर तयार व्हायला वेळ लागत नाही. आणि आपली नोकरी बदलली, शनिवार गेला, की पोरं पुन्हा रिकामी. म्हणून शनिवारी गेलात तरी ठरावाचा पाठपुरावा सोडू नका.

समितीत तुमचं कुणीच नसेल तर ग्रामसभा आहे. १८ वर्षं पूर्ण आणि गावच्या मतदार यादीत नाव, एवढं पुरे. १५ ऑगस्टच्या सुमारास पुण्या-मुंबईची पोरं गावी येतातच, आणि ग्रामसभाही त्याच सुमारास असते. विषय ऐनवेळी मांडू नका, चार-आठ दिवस आधी सरपंचांच्या नावाने अर्ज लिहा, ग्रामपंचायतीत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, शिक्का आणि तारखेसह.