चार रुपये दोन आणे
मंगळवेढ्याहून माचणूरास गेलें म्हणजे भीमेच्या तीरीं, सिद्धेश्वराच्या देवालयाशेजारीं, एक पडका किल्ला लागतो. जवळच्याच ब्रह्मपुरीस इ. स. १६९५ पासून १६९९ पर्यंत औरंगजेबाची छावणी होती. छावणी कसली, तंबूंचें शहरच तें!

त्या शहराच्या धन्याची एक हकीकत सांगतात. निर्दोष कमाईस इस्लामांत ‘हलाल’ म्हणतात. दाऊद पैगंबर राजे. तरी ते हातच्या कमाईवरच जेवीत, असें हदीसांत आहे. बादशहानेंही तोच कित्ता गिरविला. स्वतःच्या खर्चासाठीं तो टोप्या शिवी व कुराणाच्या नकला करी. त्याच्या नांवावर असलेल्या मृत्युपत्राप्रमाणें टोप्यांचे चार रुपये दोन आणे कफनास, आणि नकलांचे ३०५ रुपये फकिरांस द्यावयाचे होते. या कागदाच्या अस्सलपणाविषयीं इतिहासकार साशंक आहेत. पण खुलताबादची त्याची छप्पर नसलेली कबर कोणीही पाहून यावी. भोंवतालची संगमरवरी जाळी मागाहूनची.

मग अडतें कोठें? टोपीचे आणे मोजणाऱ्या याच हातानें दख्खनच्या युद्धांत वाडवडिलांचा खजिना उपसला. शिपायांचे पगार तुंबले, मुलूख ओसाड पडला. घरची वही चोख, आणि दौलतीची तुटीची! हातच्या कमाईचा नियम त्यानें पाळला, हें खरें. पण तो आपल्या ताटापुरताच. रयतेच्या ताटाचा हिशेब त्या वहींत कोठेंच नव्हता.

१६९९ सालीं तो ब्रह्मपुरीहून मराठ्यांचे किल्ले घेण्यास निघाला. दिल्ली त्यास पुन्हां दिसली नाहीं; १७०७ सालीं अहमदनगरास तो वारला.