काचेतला समुद्र



जर्मनीत हौशी माणसे दिवाणखान्यातल्या काचेच्या टाकीत जिवंत प्रवाळ पाळतात. (आपल्याकडे २००१ पासून प्रवाळांना वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे; तो शौक येथे नको.) टाकी शंभर लिटरची, पण तिचा पीएच ८.२ च्या आसपास राखताना धनी मेटाकुटीस येतो. ही मोजपट्टी सोरेनसेन यांनी १९०९ साली कोपनहेगनला, एका दारूभट्टीच्या प्रयोगशाळेत बसविली. ८.२ चे ७.९ झाले तर फरक किरकोळ वाटतो. परंतु तेवढ्यात हायड्रोजनचे आयन दुप्पट होतात, आणि प्रवाळाला आपला सांगाडा बांधणे जड जाते.

बहुधा दोष खोलीतल्या हवेचा. थंडीत खिडक्या बंद, माणसांचा उच्छ्वास आत कोंडलेला. त्यातला कार्बन डायऑक्साइड पाण्यात मुरतो. पेलाभर पाणी बाहेर नेऊन तासभर त्यातून हवा सोडावी. पीएच चढला तर आधी खिडकी उघडावी, बाटल्या मागाहून.

रात्री शेवाळाचे अन्न बनविणे थांबते, श्वसन चालूच राहते. म्हणून पहाटे पीएच सर्वांत खाली. काहीजण शेजारच्या टाकीत शेवाळ ठेवून तिथला दिवा रात्री लावतात. आम्ही कामगार मंडळी याला रात्रपाळीच म्हणू!

पुढचे काम चुन्याच्या निवळीचे. ती कार्बन डायऑक्साइड बांधते, कॅल्शियमही देते. उडालेल्या पाण्याच्या जागी ती रात्री थेंबथेंब सोडावी. तिचा स्वतःचा पीएच १२ च्या वर; एकदम ओतली की पाणी दुधाळ होते, चुनखडी तळाशी बसते आणि क्षारता, म्हणजे टाकीची गंगाजळी, उलट घटते. खाण्याचा सोडा ही गंगाजळी भरतो, पण पीएच फारसा चढवीत नाही. तोच भट्टीत भाजला की धुण्याचा सोडा होतो आणि दोन्ही कामे करतो.