शुश्रूषा म्हणजे ऐकण्याची इच्छा : मांडव्याच्या प्रयोगाचा बोध



आरोग्यसेवेची चर्चा निघाली की इमारती, खाटा, यंत्रे आणि डॉक्टरांची रिक्त पदे यांचाच हिशेब मांडला जातो. परिचारिका आणि सुईण यांचे स्मरण होते ते आभारप्रदर्शनाच्या वेळी. भारतीय चिकित्साविचार मात्र असा नव्हता. चरकसंहितेने चिकित्सेचे चार पाद सांगितले : वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाच्या ठायी उपचारांचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग आणि शुचिता हवी. रोग्याच्या गुणांमध्येही ‘ज्ञापकत्व’ हा एक गुण गणला आहे. म्हणजे आपले दुखणे नीट सांगता येणे. सांगणारा असेल तर ऐकणाराही हवा. ‘शुश्रूषा’ या शब्दाचा मूळ अर्थच ऐकण्याची इच्छा असा आहे.

हा विचार आधुनिक संशोधनाच्या कसोटीला कसा उतरतो, हे पाहण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. मुंबई बंदराच्या पलीकडे, रायगडच्या किनाऱ्यावर मांडवा आहे. 1970 च्या दशकात डॉ. नोशीर अंतिया यांनी या परिसरात एक प्रयोग केला. अंतिया हे जे. जे. रुग्णालयातील नामवंत प्लास्टिक सर्जन. कुष्ठरुग्णांच्या विकृत झालेल्या अवयवांवर शस्त्रक्रिया करणारे. शस्त्रक्रियेपर्यंत पोचणारा रोगी गावातच वेळेवर ओळखला गेला असता, तर विकृती टळली असती, हे त्यांच्यासारख्या शल्यचिकित्सकाला कोणी सांगण्याची गरज नव्हती. 1975 मध्ये त्यांनी ‘फाउंडेशन फॉर रिसर्च इन कम्युनिटी हेल्थ’ ही संस्था स्थापन केली. मांडव्यात गावातल्याच, बेताचे शिक्षण झालेल्या स्त्रियांना प्राथमिक उपचारांचे शिक्षण देण्यात आले. त्या काळी पावसाळ्यात बोट बंद झाली की समोर दिसणारी मुंबईही दूर होई. अशा वेळी दारात येणारी, आपल्याच बोलीत बोलणारी शेजारीण हाच आरोग्यसेवेचा पहिला दुवा ठरला.

प्रयोगातून दोन गोष्टी पुढे आल्या. एक, साधे आजार ओळखणे, औषध पोचवणे, गर्भवतीची विचारपूस करणे ही कामे गावातली स्त्री उत्तम करू शकते. दुसरी गोष्ट कडू आहे : स्थानिक सत्तासंबंधांपुढे लोकसहभाग टिकवणे फार कठीण गेले. सेविकेला काम दिले, पण अधिकार आणि पाठबळ दिले नाही, तर तिचे कौशल्य अपुरे पडते.

किनाऱ्यावरून विदर्भाच्या टोकाला गेले तरी हाच अनुभव येतो. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतील दोन गावांत 650 स्त्रियांची तपासणी केली. 1989 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचे आढळले, पूर्वी अशी तपासणी झाली होती ती केवळ 8 टक्के स्त्रियांची. दुखणे होते, ते कोणी विचारले नव्हते. पुढे 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या बंग दांपत्याच्या संशोधनाने, प्रशिक्षित ग्रामीण स्त्रियांनी घरोघरी केलेल्या नवजात-सेवेमुळे बालमृत्यू मोठ्या प्रमाणात घटतात, हे सिद्ध केले.

येथे ‘निवड’ या शब्दाचा अर्थ समजून घेतला पाहिजे. क्षयरोगाच्या औषधांनी दोन महिन्यांत खोकला थांबतो आणि रोगी गोळ्या सोडतो. त्याला दटावणारी परिचारिका एक दिवस जिंकते. ‘होडीवर जाताना गोळ्या बरोबर नेता येतात का?’ असे विचारणारी परिचारिका सहा महिन्यांचा उपचार पूर्ण करून घेते. सुनेला प्रसूतीसाठी कोठे न्यायचे हे अनेक घरांत सासू ठरवते. रक्तस्राव, झटके, हातापायांवरची सूज ही धोक्याची चिन्हे तिला विश्वासात घेऊन समजावली, तर गाडी वेळेवर निघते. धोका स्पष्ट सांगणे हे सेविकेचे कर्तव्य. निर्णय समजून घेण्याचा अधिकार मात्र त्या गर्भवतीचा आणि घराचा.

उलट, सल्ल्यामागे उद्दिष्टाचा आकडा उभा राहिला की विश्वास आटतो. कुटुंबनियोजनात सहाय्यक परिचारिका-प्रसाविकांवर वर्षानुवर्षे शस्त्रक्रियांच्या उद्दिष्टांचे ओझे होते. 1996 मध्ये ही पद्धत केंद्र शासनाने रद्द केली, कारण आकडा गाठला तरी माणूस दुरावतो. 2005 मध्ये ‘आशा’ कार्यकर्ती आली. 2018 मध्ये प्रसूतिसेवेसाठी विशेष प्रशिक्षित परिचारिकांची मार्गदर्शक तत्त्वेही जाहीर झाली. दिशा योग्य आहे.

परंतु योजना कागदावर जन्मते आणि उंबरठ्यावर जगते. नोंदवह्यांच्या ढिगाखाली दबलेल्या सेविकेला ऐकायला उसंत कोठून मिळणार? तिचे मानधन वेळेवर, तिचा प्रवास सुरक्षित आणि तिच्या शब्दाला दवाखान्यात मान, एवढे झाले तरी पुष्कळ साधेल. ग्रामसभेत रस्ता आणि पाणी यांच्याबरोबर तिच्या अडचणींचाही विषय घेतला गेला पाहिजे. चार पादांपैकी एक दुबळा राहिला, तर चिकित्सा उभी राहत नाही. मांडव्याचा बोध हाच आहे.