ठिणगीची वेळ

अ‍ॅम्बॅसॅडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. तथापि १४८९ घनसेंटिमीटर इंजिनाच्या जुन्या गाड्या काही घरी अद्याप जपलेल्या आहेत. चढावर इंजिन खडखडू लागले की मालक पेट्रोलला बोल लावतो. आधी ठिणगीची वेळ पाहावी.

प्रथम डिस्ट्रिब्यूटरमधील पॉइंटांची फट ०.०१५ इंच करावी; ती मागाहून बदलल्यास वेळही ढळते. मग पहिल्या सिलिंडरचा दट्ट्या दाबाच्या फेरीत वर आणून पुलीवरील खूण पुस्तिकेतील अंशावर जुळवावी. पॉइंटांची तार आणि इंजिनाचे लोखंड यांमध्ये बारा व्होल्टचा दिवा जोडून स्विच चालू करावा. डिस्ट्रिब्यूटर रोटरच्या दिशेने फिरवून दिवा विझवावा, नंतर उलट दिशेने अगदी सावकाश आणावा. दिवा लागला, की तेथेच पेच आवळावा.

ठिणगी फार आधी पडली तर हँडल उलट झटका देते. मनगटही मोडू शकते. म्हणून हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूस ठेवावा.