समासातली दुरुस्ती



"तू त्या कॉम्प्युटरवर दिवसभर नक्की करतेस तरी काय?" हा प्रश्न काल पंगतीत मला चौघांनी विचारला. संयोजकांनी दहा मिनिटं दिली आहेत, तेवढ्यात माझ्या कामाचा एक लहानसा भाग सांगते. विषय लिनक्सचा असला, तरी ज्यांनी पाठ्यपुस्तक हाताळलंय त्या सर्वांना तो कळेल.

जगातले पुष्कळ सर्व्हर लिनक्सवर चालतात. तिथे सॉफ्टवेअर 'पॅकेज'च्या रूपात मिळतं. डेबियन हा अशा पॅकेजांचा एक मोठा संग्रह. १९९३ साली इयन मरडॉक यांनी तो सुरू केला आणि आज जगभरचे स्वयंसेवक तो सांभाळतात. त्यातल्या पॅकेजचा सोर्स कोड सर्वांना खुला असतो. एखादी सोय आपल्याला पुरत नसेल, तर कोड उघडायचा, बदल करायचा आणि स्वतःचं पॅकेज बांधून वापरायचं. हे स्वातंत्र्य फार मोलाचं आहे. खरं काम मात्र त्यानंतर सुरू होतं.

समजा, बाईंनी पुस्तकाच्या समासात स्वतःच्या दुरुस्त्या लिहून ठेवल्या आहेत आणि नवी आवृत्ती आली. जुनं पुस्तक धरून ठेवलं तर नव्या आवृत्तीतल्या सुधारणा हुकतात. नवं घेतलं तर समासातली मेहनत जाते. आमच्याकडे हेच रोज घडतं. अधिकृत अपडेट आलं की ते आपला बदल पुसून टाकू शकतं. म्हणून पुष्कळ जण त्या पॅकेजला 'होल्ड' लावतात, म्हणजे अपडेटला दारातच थांबवतात. काम चालू राहतं, कोणाची तक्रार येत नाही. होल्ड लावणारा नोकरी बदलतो आणि ते दार वर्षानुवर्षं बंदच राहतं.

बंद दाराचा धोका काय, ते एका उदाहरणाने सांगते. ७ एप्रिल २०१४ रोजी 'हार्टब्लीड' नावाची त्रुटी जाहीर झाली. ती ओपनएसएसएलमध्ये होती. वेबसाइटशी होणारं आपलं बोलणं गुप्त ठेवणारं हे सॉफ्टवेअर. या त्रुटीमुळे बाहेरचा माणूस एका विनंतीत सर्व्हरच्या मेमरीतला ६४ किलोबाइटपर्यंतचा तुकडा वाचू शकत होता, आणि अशा विनंत्या कितीही वेळा करता येत होत्या. त्या तुकड्यात कोणाचा पासवर्डही सापडू शकत होता. डेबियनने दुरुस्त पॅकेज लगेच दिलं. डेबियन ७ मध्ये त्याचा क्रमांक होता '१.०.१ई-२+डेब७यू५'.

आता गंमत पाहा. समजा एखाद्याने मूळ '१.०.१ई-२' घेऊन आपला बदल केला आणि क्रमांकाच्या शेवटी '+लोकल१' जोडलं. होल्ड लावलेला नाही, सगळं रीतसर. तरीही दुरुस्ती त्याच्यापर्यंत पोहोचली नसती! नवं कोणतं आणि जुनं कोणतं हे यंत्रणा क्रमांक पाहून ठरवते, आणि अक्षरं आली की वर्णक्रम लावते. 'डेब' हा शब्द 'डी'ने सुरू होतो आणि 'लोकल' 'एल'ने. 'एल' नंतर येतो, म्हणून आपलं जुनं पॅकेज यंत्रणेला अधिक नवं वाटतं. कुठलाही इशारा न देता ती गप्प बसते. शेपूट निवडताना 'डी'च्या आधीचं अक्षर घेतलं असतं, तर ही अडचण आलीच नसती.

म्हणून आमच्या कामाची रीत ठरलेली आहे. बदल मूळ कोडात मिसळून टाकायचा नाही. तो 'पॅच' म्हणून वेगळ्या फाइलमध्ये ठेवायचा आणि वर लिहायचं : कोणी केला, कधी, कशासाठी, मूळ लेखकांना कळवला का. अधिकृत आवृत्तीवर कोणी नजर ठेवायची, त्याचं नाव ठरवायचं. नवी आवृत्ती आली की पॅच तिच्यावर पुन्हा बसवून पाहायचा. बसला, तरी चाचणी घ्यायची. बसला नाही, तर मूळ लेखकांनी तिथेच काहीतरी बदललंय, ते नीट वाचायचं. कधी कधी दिसतं, की आपण पाठवलेली दुरुस्ती त्यांनी स्वीकारली आहे. त्या दिवशी पॅच काढून टाकायचा. आमच्या कामातला तो सर्वांत समाधानाचा दिवस.

बदल लहान आहे म्हणून निश्चिंत होता येत नाही. २००६ साली खुद्द डेबियनमध्ये ओपनएसएसएलच्या दोन ओळी काढल्या गेल्या. तपासणीच्या साधनाने त्यांवर बोट ठेवलं होतं, हेतू चांगलाच होता. पण त्यामुळे गुप्त किल्ल्या जवळपास अंदाजाने ओळखता येण्याजोग्या झाल्या. एका प्रकारच्या आणि एका लांबीच्या किल्लीसाठी जेमतेम ३२ हजारांच्या आसपास शक्यता उरल्या. हे जाहीर झालं १३ मे २००८ रोजी. तोवर बनलेल्या असंख्य किल्ल्या टाकून नव्या कराव्या लागल्या.

दुसऱ्याच्या कामात आपण बदल करतो तेव्हा ते काम आपलं होतं, आणि त्याबरोबर जबाबदारीही येते. मूळ लेखक रात्री जागून दुरुस्ती करतील, पण ती आपल्या दारापर्यंत आणण्याचं काम आपलंच.

तुमच्यापैकी ज्यांच्या दुकानात, दवाखान्यात किंवा ऑफिसात डेबियन किंवा उबुंटू आहे, त्यांनी सोमवारी आपल्या तंत्रज्ञाला दोन याद्या मागा. होल्ड लावलेली पॅकेजेस कोणती, आणि अधिकृत संग्रहात नसलेली, यंत्रणा ज्यांना 'लोकल' म्हणते ती कोणती? प्रत्येक नावापुढे कारण आणि जबाबदार माणूस लिहून घ्या. ज्या नावापुढची जागा कोरी राहील, तिथून कामाला सुरुवात करा. अडलंच तर मला फोन करा, नंबर संयोजकांकडे आहे.