जिल्हा परिषदेची शाळा : पालक काय म्हणतात?

(संस्थेच्या पालक मेळाव्यात केलेले भाषण, स्मरणिकेच्या वाचकांसाठी थोडे विस्ताराने)



'पालकांचे सहकार्य' या विषयावर मी चार शब्द बोलावेत अशी चिटणीस साहेबांची सूचना होती. पण या विषयावर बोलताना आम्हा शिक्षकांची एक खोड असते. पालकांनी काय करावे याची आम्ही यादी वाचतो, पालक माना डोलावतात आणि मग चहा होतो. आज मी उलटे करणार आहे. पालक काय म्हणतात ते मी सांगतो, आपण ऐकावे. जे भाषणाला हजर नव्हते त्या वाचकांनाही माझी हीच विनंती आहे.

मी आपल्या विद्यालयात मराठी व इतिहास शिकवितो. आमच्या पाचवीत येणारी बहुतेक मुले आसपासच्या जिल्हा परिषद शाळांतून येतात. हल्ली पट भरण्यासाठी शिक्षकांना सुट्टीत घरोघर फिरावे लागते, हे आपणांस ठाऊक आहेच. गेल्या दोन-तीन वर्षांत पिशवीत प्रवेश-अर्ज घेऊन मी पालघर, बोईसर आणि तारापूर-चिंचणीकडची बरीच घरे पालथी घातली. प्रत्येक घरी प्राथमिक शाळेचा विषय निघाला. जे ऐकले ते मी कोऱ्या अर्जांच्या पाठीवर टिपून ठेवले. आजचे भाषण त्या टिपणांतूनच उभे राहिले आहे.

'पालक' हा शब्द आपण फार सहज वापरतो, पण आपल्या भागात त्या एका शब्दात किती माणसे मावतात ते पाहा. १९६९ साली तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले. पुढे बोईसरला औद्योगिक वसाहत वाढली आणि देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसे आली. कारखान्यात पाळीने जाणारा उत्तर प्रदेशचा कामगार, सातपाटीचा मच्छीमार, चिंचणीकडे दागिन्यांचे साचे कोरणारा डायमेकर, पाड्यावरचे वारली कुटुंब आणि पिढ्यान्‌पिढ्या किनाऱ्यावर राहणारे आपले मुसलमान घर, हे सारेच पालक आहेत. त्यांचे मत एक कसे असेल? तरीही चार गोष्टी मला जवळजवळ प्रत्येक उंबऱ्यावर ऐकू आल्या.

पहिली गोष्ट शिक्षकांच्या संख्येची. "गुरुजी चांगले आहेत, पण आहेत किती?" हे वाक्य मी इतक्यांदा लिहिले की पुढे नुसती खूण करू लागलो. येथे पालकांनी एक गणित समजून घेतले पाहिजे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० पर्यंत मुले असतील तर दोन शिक्षक मिळतात. वर्ग पाच आणि शिक्षक दोन! म्हणजे एका गुरुजींनी एका वेळी दोन-तीन इयत्ता सांभाळायच्या, आणि हे नियम मोडून नव्हे, नियमाप्रमाणेच. त्यातला एक निवडणुकीच्या किंवा जनगणनेच्या कामावर गेला, की दुसरा सगळी शाळा सांभाळतो. पालक हे पाहतो व मूल काढून घेतो. मूल काढले की पट घटतो, पट घटला की शिक्षक आणखी कमी होतो, आणि ते पाहून पुढचा पालक निघतो. या रहाटगाडग्यात पहिला दोष कोणाचा हे शोधण्यात अर्थ नाही. ते थांबवायचे कसे हा खरा प्रश्न आहे.

दुसरी गोष्ट भाषेची. बोईसरच्या एका चाळीत एक भगिनी मला म्हणाल्या, "मास्टरजी, बच्चा घर में भोजपुरी बोलता है, गली में हिंदी, स्कूल में मराठी. मैं उसका कौन सा पाठ लूँ?" आपल्या घरांत प्रश्न थोडा वेगळा आहे. आजीला वाटते नातवाला उर्दू वाचता यावे, बापाला वाटते सरकारी कामाला मराठी लागते, आणि आईला वाटते की इंग्रजीवाचून गत्यंतर नाही. तिघांचेही खरे आहे. या ओढाताणीत मूल पुष्कळदा इंग्रजी माध्यमाच्या कुठल्यातरी दोन खोल्यांच्या शाळेत जाऊन पडते. तेथे टाय असतो, बूट असतो, डायरी असते. इंग्रजी असतेच असे नाही. उलट, महाराष्ट्रात २००० सालापासून, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, सरकारी मराठी व उर्दू शाळांतही पहिलीपासून इंग्रजी विषय सुरू झाला, हे मी सांगितले तेव्हा अनेक पालकांना ते नवल वाटले. पण एका डायमेकर गृहस्थांनी मला तेथेच अडविले. ते म्हणाले, "सर, विषय वेळापत्रकात आहे हे कळलं. पण तो शिकवायला माणूस कोण आहे ते सांगा." यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते.

तिसरी गोष्ट आया सांगतात, बाप सांगत नाहीत. मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी आहे का, आत पाणी आहे का? चौथीपर्यंतची शाळा जवळ आहे, पण पुढची शाळा हमरस्ता ओलांडून आहे. मुलगी जाईल कशी? माझ्या टिपणांत मुलीचे नाव शाळेतून काढण्याची जी कारणे आहेत त्यांत 'मुलींना शिकवायचे नाही' असे कोणीही सांगितले नाही. रस्ता, पाणी आणि कडी, एवढीच कारणे सांगितली. मुसलमान मुलींच्या शिक्षणाविषयी बाहेर जे बोलले जाते त्याच्याशी हे ताडून पाहावे. मदरशांविषयीही असाच समज आहे. सच्चर समितीने २००६ च्या अहवालात दाखवून दिले की शाळेच्या वयाची जेमतेम तीन-चार टक्के मुसलमान मुले मदरशांत शिकतात. बाकीच्या पालकांना हवी आहे ती साधी, जवळची, धड चालणारी शाळाच.

चौथी गोष्ट स्तुतीची आहे, आणि ती वगळणे अन्यायाचे होईल. पाड्यावरची एक आई म्हणाली की पोर शाळेत जेवते म्हणून ती निर्धास्तपणे मजुरीला जाते. सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली सर्व सरकारी प्राथमिक शाळांत शिजविलेले अन्न देण्याचा आदेश दिला, त्याचा अर्थ त्या बाईने एका वाक्यात सांगितला. पुस्तके फुकट मिळतात, गुरुजी घर ओळखतात, मूल चार दिवस आले नाही तर पाड्यावर येऊन विचारतात, हेही मी ऐकले. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांचा प्रश्न मात्र अजून पुरता सुटलेला नाही. १९९० च्या दशकात वसईकडे विधायक संसद या संस्थेने भट्ट्यांवरच भोंगाशाळा चालवून वाट दाखविली होती. पालक जागा सोडतो तेव्हा शाळेनेही दोन पावले चालावीत, हा त्यातला धडा आहे.

हा धडा आपल्या जिल्ह्याला नवा नाही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले व पुढे ते कोसबाडला नेले. मुले शाळेत येत नाहीत, तेव्हा 'हे लोक अडाणी आहेत' असे म्हणून त्या स्वस्थ बसल्या नाहीत. त्यांनी शाळा पाड्याच्या अंगणात नेली, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. त्याही आधी, १८८२ साली, महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढे मागणी केली होती की प्राथमिक शाळेचे शिक्षक शेतकरी वर्गातून यावेत, म्हणजे ते लोकांत मिसळतील व त्यांच्या गरजा जाणतील. पालकाचे ऐकून घेणारा शिक्षक पाहिजे, ही मागणी इतकी जुनी आहे.

आता एक प्रसंग सांगतो. तो न सांगता खाली बसलो तर हे भाषण खोटे होईल.

औद्योगिक वसाहतीजवळच्या एका चाळीत मी एका पालकाला समजावीत होतो की जिल्हा परिषदेच्या शाळेतून मूल काढू नका, चौथी पूर्ण होऊ द्या, मग आमच्याकडे पाठवा. रात्रपाळी करून आलेला तो माणूस शांतपणे ऐकत होता. माझे संपल्यावर त्याने विचारले, "सर, तुमची मुलगी कोणत्या शाळेत आहे?"

मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलो. गळक्या कौलांखाली बाराखडी गिरविली. त्या शाळेने मला बी. ए., बी. एड. पर्यंत आणले. आणि माझी मुलगी इंग्रजी माध्यमाच्या खाजगी शाळेत आहे. मी तसे त्याला सांगितले. तो रागावला नाही, हसलाही नाही. "मग बरोबर," एवढेच म्हणाला, आणि त्याच्या बायकोने माझ्यापुढे चहाचा कप ठेवला. तो चहा मला गोड लागला नाही.

मंडळी, 'मग बरोबर' या दोन शब्दांवर मी पुष्कळ विचार केला. ज्यांना बोलता येते, अर्ज लिहिता येतो, अधिकाऱ्यापुढे उभे राहता येते, ते आपण सारे या शाळेतून निघून गेलो. मागे राहिले ते ज्यांचे कोणी ऐकत नाही. शाळेविषयी मत सर्वांनाच आहे, पण ते मांडण्याची ताकद ज्यांच्यात होती ते बाहेर उभे राहून टीका करतात.

पालक कायमचेच गेले असेही नाही. 'असर' या वार्षिक पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागात ६ ते १४ वयाची सरकारी शाळांतील मुले २०१८ साली ६५.६ टक्के होती. करोनानंतर, २०२२ साली, ती ७२.९ टक्के झाली, आणि २०२४ साली पुन्हा ६६.८ टक्क्यांवर आली. म्हणजे कमाई बुडाली तेव्हा मुले सरकारी शाळेत परतली व हात सैल होताच पुष्कळशी पुन्हा निघाली. दारी आलेला पाहुणा आपण ठेवून घेऊ शकलो नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत राज्य सरकारने नियम बदलला की एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर त्या परिसरातील खाजगी शाळेला गरिबांसाठीच्या २५ टक्के जागा राखण्याची गरज नाही. पालक न्यायालयात गेले आणि जुलै महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. शाळा जवळ आहे एवढ्याने पालकाचा विश्वास बसत नाही. तो कमवावा लागतो.

मग करायचे काय? शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती ठेविली आहे. तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात, निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात, आणि आपल्या राज्यात अध्यक्षही पालकच असतो. शाळेचा विकास आराखडा याच समितीने करायचा आहे. पण मी ज्या पालकांना विचारले त्यांतल्या बहुतेकांना ही समिती म्हणजे सही करण्याचे एक पुस्तक एवढेच ठाऊक होते. चहाच्या टपरीवर जे मत आपण तावातावाने मांडतो ते त्या पुस्तकात लिहिले गेले पाहिजे. "शिक्षक कमी आहेत" असे मोघम नको. कोणत्या महिन्यात किती दिवस कोणता वर्ग शिक्षकाविना बसला ते लिहा. "सोय नाही" असे नको. कडी नाही, पाणी नाही असे लिहा. ठरावाची नक्कल पंचायत समितीकडे पाठवा, पोच घ्या, आणि पुढच्या सभेत त्या पोचेची चौकशी करा. आया सभेला येऊ शकतील अशी वेळ ठेवा. पाळी सुटायच्या वेळी सभा बोलावून गैरहजेरीला दोष देऊ नका.

ज्यांची मुले या शाळेत नाहीत त्यांनीही, माझ्यासारख्यांनी, हात झटकू नयेत. अर्ज लिहून देणे, ठराव वाचून दाखविणे हे तर आपल्याला करता येईल. त्या चाळीतल्या गृहस्थाकडे मी पुन्हा गेलो व त्यांच्या शाळेच्या समितीचा पहिला अर्ज त्यांच्यासमोर बसून लिहिला. त्याचे फळ काय येईल ते मला ठाऊक नाही. पण या वेळचा चहा मी संपविला.

शेवटी एक गोष्ट आपल्या घरची. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा या कायद्याच्या कक्षेबाहेर राहिल्या. पालकांना तीन चतुर्थांश जागा देण्याची सक्ती आपल्यावर नाही. पण सक्ती नाही म्हणून आपण पालकांना विचारायचेच नाही काय? जिल्हा परिषदेच्या शाळेविषयी पालकांनी मला मोकळेपणाने सांगितले, कारण मी त्या शाळेचा नव्हतो. आपल्या विद्यालयाविषयी ते काय म्हणतात हे दुसऱ्या कोणा शिक्षकाच्या अर्जांच्या पाठीवर लिहिलेले असेल. ते आपण स्वतः विचारून घ्यावे, वर्षातून एकदा तरी, भाषणे न करता, नुसते ऐकण्यासाठी मेळावा भरवावा, अशी मी संस्थेच्या चालकांना नम्र विनंती करतो.